वन्संची सौ टका खात्री

माझ्या नणंदेला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. खोटं बोलणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं, ह्यांच्याशी काय भांडणार, कपाळ? लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा पहिल्याच सणाला सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "पुरणपोळी बिघडली आहे, पण पोरगी चांगली दिसते." दोन्ही खरं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. ती त्यांनी खाल्ली.

आता आम्ही दोघीही विधवा. स्नेहलतागंजमध्ये एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतो. स्टेशन जवळ, त्यामुळे गाड्यांच्या अनाउन्समेंट ऐकत झोपायची सवय झाली आहे. त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. मी त्यांना अजून 'वन्सं' म्हणते, आजच्या पोरींना हा शब्द ऐकून हसू येतं. त्या मला 'अगं बाई' म्हणतात. मला नाव आहे हे बहुतेक त्या विसरल्यात.

माझा विषय म्हणजे माणसाची आठवण. त्यातही साक्षीदाराची. डोळ्यांनी बघितलेला, देवाला घाबरणारा, कुणाकडून पैसे न खाल्लेला माणूससुद्धा चुकीच्या माणसाकडे बोट दाखवू शकतो, आणि दाखवताना त्याला मनापासून वाटत असतं की आपण खरं सांगतोय. जगभर ह्यावर काम झालंय. मी त्यातलं थोडंफार इथल्या मुलांवर, इथल्या गल्ल्यांमध्ये करून बघितलं होतं. घरी सांगायला गेले की वन्सं भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "चुकत असतील लोक. लक्ष नसतं त्यांचं."

निवृत्त झाल्यावर मला पोलीस आणि तहसीलवाल्या साहेबांच्या एका प्रशिक्षणात बोलावलं. आधी पोहे-जलेबी, मग ज्ञान, इंदूरमध्ये ह्याला पर्याय नाही. मी जीव तोडून बोलले. म्हटलं, संशयिताचा फोटो साक्षीदाराच्या नजरेला पडू देऊ नका. ओळख परेड घेणाऱ्या साहेबाला स्वतःलाच माहीत नसावं की रांगेतला संशयित कोणता, कारण माणसाचे डोळे बोलतात. साक्षीदाराला आधीच साफ सांगा की गुन्हेगार ह्यांच्यात नसूही शकतो, कुणालाच ओळखलं नाही तरी चालेल. आणि एक शेवटचं. साक्षीदारानं माणूस दाखवला की लगेच, कुणी 'शाबास' म्हणायच्या आधी, त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या की त्याला किती खात्री आहे. तो 'वाटतंय बुवा' म्हणाला तर 'वाटतंय बुवा' असंच लिहा. कारण पुढे वकील, पोलीस, शेजारीपाजारी सगळे पाठ थोपटतात आणि खात्री फुगत जाते.

टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ, फोटो. एक साहेब म्हणाले, "बहोत प्रैक्टिकल था, मैडम." काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला, की मैडम, आपकी बात लागू हो गई है. लागू! मी आयुष्यभर जे जाडजूड इंग्रजीत लिहिलं ते बहुधा माझ्या गाईडनं आणि मी, दोघांनीच वाचलं असेल, आणि आता त्यातलं काहीतरी खरोखरच्या ठाण्यात, खरोखरच्या जेलात वापरणार होते. मी आनंदानं वेडी झाले. संध्याकाळी दही टांगलं, सकाळी श्रीखंड केलं. वन्संनी चाटून खाल्लं आणि म्हणाल्या, "वेलची जास्त आहे. पण बरं झालं, तुझ्या शिकण्याचा कुणाला तरी उपयोग."

मग एका सकाळी वन्सं पूजेची फुलं आणायला कोपऱ्यावर गेल्या आणि मागून बाइकवाल्यानं त्यांच्या गळ्यातली चेन ओढली.

त्या पडल्या. गुडघा फुटला, मानेवर लाल वळ उठला. चेन आमच्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी घेतलेली होती, ती गेली. लोकांनी त्यांना घरी आणलं तेव्हा हातात फुलांची पुडी तशीच होती. म्हणाल्या, "पळताना त्यानं एकदा मागे वळून बघितलं. मी बघितलाय त्याला." ठाण्यावर जाऊन रिपोर्ट लिहवला. सडपातळ, सावळा, पातळ मिशी. एवढंच. माझ्या मनात आलं, ह्या वर्णनात निम्मं इंदूर बसेल.

त्याच दुपारी आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. कोपऱ्यावरच्या एका घराच्या कॅमेऱ्यातली. चेन ओढतानाची नव्हे हं! नुसता एक बाइकवाला वळणावरून जातो आणि जाता जाता कॅमेऱ्याच्या बाजूला बघतो, इतकंच. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'भिया लोग, यही है चोर, फॉरवर्ड करो.' झालं! इंदूरच्या भिया लोकांना तेवढंच काम. संध्याकाळपर्यंत ती क्लिप भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांपर्यंत पोचली होती, मला तिथल्या एका जुन्या विद्यार्थिनीनंच परत पाठवली.

वन्संनी ती उघडली. दोन बोटांनी चेहरा मोठा केला. मी अक्षरशः त्यांच्या हातातून फोन ओढायला गेले.

"वन्सं, नका बघू. हात जोडते. तुम्ही सकाळी बघितलेला चेहरा पुसला जाईल आणि हाच जाऊन बसेल तिथे."

"अगं बाई, मला काय भूल पडलीय? हजारो पोरं गेली माझ्या हाताखालून. वीस-वीस वर्षांनी बाजारात भेटली तरी चेहऱ्यावरून ओळखते मी."

"तुमच्या शाळेतल्या पोरांचं वेगळं."

"का वेगळं? चेहरा तो चेहरा." आणि त्यांनी पुन्हा क्लिप लावली.

पहिल्यांदा म्हणाल्या, "असेल हा." रात्रीच्या जेवणाला 'असेल'चं 'हाच असावा' झालं. दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "हाच. चेहरा ओळखीचा आहे. डोळे तर मी विसरूच शकत नाही." शेजारीण म्हणाली, वाह आंटीजी, क्या मेमरी है आपकी. जे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं ते माझ्याच डायनिंग टेबलवर, खारीच्या डब्याशेजारी घडत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

मी ठाण्यावर फोन लावला. म्हटलं, साहेब, क्लिप त्यांनी बघितली आहे, दहादा बघितली आहे, आता ओळख परेडला काय अर्थ राहिला? तिकडून उत्तर आलं, "टेंशन मत लो मैडम, अब तो और बढ़िया पहचान हो जाएगी." और बढ़िया!

क्लिपमधल्या बाइकच्या नंबरावरून माणूस सापडला. एका पॅथॉलॉजी लॅबचा होता. सकाळी उपाशीपोटी लोकांच्या घरी जाऊन रक्त घेणारे असतात ना, त्यातला. मूळचा महूचा. त्या वेळी आमच्या गल्लीत कुणाच्यातरी सॅम्पलसाठी निघालो होतो असं म्हणाला. चेन सापडली नाही. तरी जेलात गेला.

शहराबाहेरच्या जेलात ओळख परेड ठरली. मी सोबत गेले, पण आत फक्त वन्संना घेतलं. मी बाहेर बाकावर बसून गणपतीचं नाव घेत होते. खरं सांगायचं तर मी हेच मागत होते की त्यांनी कुणालाच ओळखू नये. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यावर यायच्या तशाच. पदर सारखा करत म्हणाल्या, "झालं. दाखवला."

रिक्षात मी एकेक विचारत गेले. परेड घेणारा नायब तहसीलदार फार सभ्य होता म्हणे. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "माताजी, आराम से देखिए, घबराना नहीं, इन्हीं में है."

"असं म्हणाला? 'इन्हीं में है'?"

"हो. का?"

"आणि मग?"

"मग काय. आठ-दहा जण उभे. मी चालत गेले. त्यातला एकच चेहरा ओळखीचा. तिथे लांबून बोट दाखवून चालत नाही गं, जवळ जाऊन अंगावर हात ठेवावा लागतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला." त्यांचा आवाज चढला. "आणि त्या निर्लज्जानं काय करावं? माझ्याकडे बघून हसला! हसला मेला, दात काढून! अशी हिंमत!"

मी म्हटलं, "मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, बहोत बढ़िया माताजी. मग विचारलं, कितने परसेंट पक्का है, सौ टका लिख दूं? मी म्हटलं लिहा. आणि अगं," इथे त्या माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या, "म्हणाले, ये नया नियम है, साइंटिफिक है, किसी प्रोफेसर मैडम ने बताया है. मी म्हटलं, आमच्या घरचीच आहे ती!"

रिक्षा खड्ड्यात आपटली. मला वाटतं मी ओरडले, खड्ड्यामुळे नव्हे. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ आंटी, लगी क्या?"

घरी येऊन त्या प्रशिक्षणवाल्या साहेबाला फोन केला. माझा आवाज कुठल्या पट्टीत होता ते शेजाऱ्यांना विचारा. म्हटलं, फोटो बाहेर जाऊ देऊ नका म्हटलं होतं, तो अख्ख्या शहरानं बघितला. गुन्हेगार नसूही शकतो असं सांगा म्हटलं होतं, तुमचा माणूस म्हणतो 'इन्हीं में है'. परेड घेणाऱ्याला संशयित माहीत नको म्हटलं होतं, त्याला तर सगळं माहीत. 'शाबास' म्हणायच्या आधी विचारा म्हटलं, तुम्ही शाबास म्हणून विचारता! आणि साक्षीदाराच्या शब्दांत लिहा म्हटलं होतं तर तुम्ही आपणच आकडा तोंडात घालता?

साहेब बिचारे शांत होते. म्हणाले, "मैडम, आप नाराज मत होइए. बाकी सब में बंदोबस्त लगता है, दूसरा अफसर लाओ, ये करो, वो करो. ये वाला कॉलम बढ़ाना आसान था, तो बढ़ा दिया."

कॉलम वाढवणं सोपं होतं. मी डॉक्टरनं दिलेल्या औषधांमधली फक्त गोड गोळी तेवढी घेणारे पेशंट बघितलेत, पण अख्खं सरकार? खात्री विचारायला सांगितली होती ती शंकेला जागा मिळावी म्हणून. ह्यांनी तिची शंकेवर मारायची मोहोर केली. मला हे खरोखर वाटलं नव्हतं. उपयोग होणार नाही हे मी गृहीतच धरलं होतं, आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी, त्याची सवय आहे. पण उलटा उपयोग होईल, माझंच सांगणं एखाद्याच्या गळ्याला लागेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही.

वन्संना मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "तुझं शास्त्र बरोबर असेल. पण मी त्याला ओळखते. चेहरा माझ्या ओळखीचा आहे. आता ओळखीचा आहे तर मी नाही कसं म्हणू?" त्यांना खरंच तो ओळखीचा वाटत होता.

महिना-दीड महिन्यानं एका दुपारी दारावर एक बाई आली. साठीची, पांढऱ्या काठाची साडी, हातात पिशवी. मराठीत म्हणाली, "मी महूहून आले. ज्याला तुम्ही ओळखलंत त्याची आई." सासरे फौजेत होते, स्वतः नर्स होती, आता रिटायर झाली, हेही तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, जणू आपण सभ्य घरातले आहोत हे आधी सिद्ध केल्याशिवाय आत यायची परवानगी नाही. मला लाज वाटली. मी दार पूर्ण उघडलं.

वन्संनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "बसा. पण आधीच सांगते, माझं बोलणं बदलणार नाही."

"नका बदलू," बाई म्हणाली. "वकील म्हणत होते जाऊ नका, केस खराब होते. पण त्याची बेल झाली नाही ना, जामीन नाही मिळाला. जजसाहेब म्हणाले, गवाहला सौ टका खात्री आहे. सून सातव्या महिन्यात आहे. तुमच्याबद्दल मी इथे-तिथे विचारलं. सगळे म्हणाले, त्या खोटं बोलत नाहीत. तेव्हा तर मला जास्तच भीती वाटली." तिनं पाण्याचा घोट घेतला. "मी एवढंच विचारायला आले. तुम्ही खजराना गणेशला जाता ना, बुधवारी?"

"जाते. का?"

"तिथे तुम्हाला चक्कर आली होती. मागच्या थंडीत. फुलवाल्याच्या फळीवर तुम्हाला एकानं बसवलं होतं. तुमचे पाय वर घेतले, प्रसादाचा लाडू खायला लावला. विचारलं, आजी, शुगरची गोळी घेऊन काही खाल्लं नव्हतं ना?"

ती चक्कर मला ठाऊक होती. वन्सं त्या दिवशी घरी येऊन दोनदा सांगत होत्या, देवमाणूस भेटला गं, गणपतीनंच पाठवला. मी विचारलं होतं, कोण होता, कसा होता? तर म्हणाल्या होत्या, कुणास ठाऊक, डोळ्यांसमोर अंधारी होती, चेहरा काही आठवत नाही.

वन्संचा हात खुर्चीच्या हातावर होता. तो तसाच राहिला.

"तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा बाळा' म्हणालात," बाई सांगत होती. "घरी येऊन मला म्हणाला, मम्मी, आज एक मराठी आजी भेटल्या, अगदी आपल्या आजीसारख्या रागावल्या मला, की लाडू अर्धाच का दिलास म्हणून. आता पोलिसांना त्यानं सांगितलं की मी त्या आजींना ओळखतो. तर ते म्हणाले, मतलब तूने पहले से रेकी की थी. आणि त्या दिवशी जेलात..." पदरानं तोंड पुसून ती पुन्हा बोलायला लागली. "त्याला परेड-बिरेड नीट समजलंच नव्हतं. दार उघडलं आणि तुम्ही आत आलात. त्याला वाटलं, आजींना कळलं असेल मी इथे आहे, म्हणून सोडवायला आल्या. म्हणून तो हसला. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. जेलातून फोन करायला मिळतो ना, त्यात मला म्हणाला, मम्मी, आजी आल्या होत्या, मला बघितलं, हात ठेवला. आता सुटलो मी."

अरे देवा, देवा, देवा, एवढंच माझ्या डोक्यात. मी हे शिकवलेलं होतं! माणसाचा चेहरा लक्षात राहतो आणि तो कुठे बघितला ते लक्षात राहत नाही. चेहरा एका जागचा, आठवण दुसऱ्या जागची, आणि मन आपलं आपण दोन्हींना टाका घालून मोकळं होतं. क्लिपमध्ये तो चेहरा दिसला तेव्हा वन्संना तो खरंच ओळखीचा वाटला, कारण तो खरंच ओळखीचा होता. त्यांनी चोराला ओळखलंच नव्हतं. आपल्याला उचलून बसवणाऱ्या माणसाला ओळखून त्यांनी त्याला जेलात टाकलं होतं. वर्गात हे सांगताना मुलं माना डोलवायची आणि मी पुढच्या मुद्द्यावर जायची. इतकं भयंकर असतं ते, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

वन्सं उठल्या. आत गेल्या. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा तोंड ओलं होतं आणि कुंकू नसलेल्या कपाळावर केस चिकटले होते. बाईला म्हणाल्या, "चहा घेऊन जा." मग माझ्याकडे वळून, "अगं बाई, रिक्षा बोलाव. ठाण्यात जायचंय."

ठाण्यात साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, माताजी, अब जो बोलना है कोर्ट में बोलना. वन्संनी टेबलावर हात आपटला. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना हात आपटताना बघितलं. काही उपयोग झाला नाही. मग तारखा सुरू झाल्या. कधी जज रजेवर, कधी वकिलांचा संप, कधी कैदी आणणारी गाडीच नाही. सुनेला मुलगी झाली, तीही बाप आत असतानाच. वन्संनी बुधवारी देवळात जाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं जाऊ?"

शेवटी साक्ष झाली. मी मागच्या बाकावर. वन्सं पिंजऱ्यात ताठ उभ्या, आणि आरोपी बाजूला दोन शिपायांमध्ये, क्लिपमधल्यापेक्षा निम्मा. वन्संनी सरळ सांगितलं, "मी चुकले. हा तो नाही. ह्याला मी देवळात बघितलं होतं." मला वाटलं, संपलं, सुटला बिचारा.

सरकारी वकील उठले. "आरोपी की माँ आपके घर आई थीं?"

दुसरी कुणी असती तर थोडी अडखळली असती. वन्सं म्हणाल्या, "आल्या होत्या." मग आठवून हिंदीत, "जी, आई थीं."

"क्या हुआ वहाँ?"

"बैठीं. रोईं. मैंने चाय पिलाई."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वकील जजकडे वळले आणि म्हणाले की पहचान के समय गवाह ने सौ टका विश्वास जताया था, ये वैज्ञानिक तरीके से दर्ज हुआ है, और विज्ञान कहता है कि पहली बार का भरोसा ही असली होता है, बाद में गवाह बदल जाता है.

मी उभी राहिले. कोर्टात असं उभं राहतात का, काही नाही, मी उभी राहिले आणि मराठीत ओरडले, "अहो, असं नाही म्हटलं होतं मी!" शिपायानं मला दंडाला धरून खाली बसवलं. जजनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढे चला म्हणाले.

वन्संना फितूर साक्षीदार ठरवलं. हिंदीत 'पक्षद्रोही' असा जबरदस्त शब्द आहे त्याला. पंचाहत्तरीला आलेल्या बाईला भर कोर्टात विचारलं, कितने में मानी? त्यांना प्रश्नच समजला नाही. किती पैसे घेतले असं विचारतायत हे समजलं तेव्हा त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दुसरा काही पुरावा नव्हता, म्हणून तो सुटला. संशयाचा फायदा देऊन. निकालात कुठेही लिहिलं नव्हतं की ह्यानं चोरी केली नाही. एवढंच होतं की गवाह पलटल्यामुळे सिद्ध झालं नाही.

सुटल्यावर पंधरवड्यानं तो आईबरोबर घरी आला. तीच ती रिपोर्टातली पातळ मिशी. बायकोला आणि लेकीला घरीच ठेवलं होतं. वन्सं दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू कोसळलं. हात जोडून म्हणाल्या, "बाळा, मला माफ कर रे." तो घाबरला, "अहो आजी, असं नका करू," म्हणत मागे झाला. चहा झाला. बिस्किटं कुणी घेतली नाहीत. तो चुळबुळ करत होता. शेवटी त्याच्या आईनंच विषय काढला. लॅब त्याला परत घेत नव्हती. लोकांच्या घरात जायचं काम, आणि नाव केसमध्ये आलेलं.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही एकदा आमच्या मॅनेजर सरांशी बोलाल का? तुम्ही सांगितलं तर..."

"आत्ता लाव," वन्सं म्हणाल्या.

त्यानं नंबर लावून स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला. वन्संनी पदर सावरला, जणू मॅनेजर समोर बसलाय. आपलं शाळेतलं हिंदी काढून सगळं सांगितलं. चेन, क्लिप, देऊळ, लाडू, आपली चूक. काहीही लपवलं नाही, काहीही मऊ केलं नाही. मॅनेजरनं मध्ये तोडलं नाही, हे मात्र खरं. सगळं ऐकून तो अगदी अदबीनं म्हणाला, "माताजी, मैं आपकी इज्जत करता हूं. पर कोर्ट ने खुद लिखा है कि आप पलट गईं. मुझे इसे लोगों के घर भेजना होता है. अब आपकी बात पे भरोसा कैसे कर लूं?"

पोरगा हळूच म्हणाला, "राहू द्या आजी," आणि फोनकडे हात नेला. वन्संनी त्याचा हात बाजूला केला. त्या फोनवर वाकल्या. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"तो तब कैसे कर लिया था?"

आम्ही चौघं त्या फोनकडे बघत बसलो.